मोठ्या एसयूव्हीचे कंपनी-फिटेड टायर कधी बदलायचे? कोकणातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सात आसनी डिझेल गाडी, घर कुडाळच्या बाजूला. आठवड्याला एक फेरी कोल्हापूर नाहीतर रत्नागिरी ठरलेली. पहिले टायर संपवून दुसरे टाकले तेव्हापासून शेजारी, नातेवाईक आणि गणपतीला मुंबईहून गाड्या घेऊन येणारी मंडळी मला तेच तेच विचारतात. दर वेळी अंगणात उभं राहून टायरला हात लावून सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

कंपनीतून आलेले टायर किती किलोमीटर चालतात?

माझे ४७,००० चालले. आमच्या भावोजींची गाडी तीच, टायरही तेच, पण त्यांचे ३१,००० ला गोटा झाले. ते आठवड्यातून दोनदा माल भरून फोंडा घाटाने वर जातात. घाटात वळणावर गाडीचा सगळा भार पुढच्या बाहेरच्या चाकाच्या खांद्यावर येतो आणि ती कड खरवडून निघते. पावणेदोन-दोन टनांच्या गाडीत हे छोट्या गाडीपेक्षा जास्त जाणवतं. सपाट महामार्गावरून शांतपणे चालवणारे ५५-६० हजारही काढतात.

म्हणून "चाळीस हजार झाले, आता बदला" असं कुणी काउंटरवरून सांगितलं, तर आधी टायर मोजायला सांगा. किलोमीटर हा अंदाज झाला. निर्णय नक्षीची (टायरवरच्या खाचांची) खोली, टायरचं वय आणि टायरची तब्येत बघून घ्यायचा.

मग नेमके बदलायचे कधी?

माझं उत्तर कॅलेंडरवर आहे. मिरगाआधी.

आपण मे महिन्यात घर शाकारून घेतो, झडी बांधतो, आगोटची खरेदी करतो. कौल ऑगस्टपर्यंत टिकेल का, हे मे महिन्यात बघतो, ऑगस्टात बघत नाही. टायरचंही तसंच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे एकाच टायरबद्दल दोन वेगळी उत्तरं निघू शकतात. मे महिन्यात नक्षी ३ मिमी भरली तर मी टायर बदलते. तीच ३ मिमी ऑक्टोबरात भरली तर खुशाल वापरते. पुढे शिमगा आहे, आंब्याचा सीझन आहे, रस्ता कोरडा आहे. पैसे वसूल करून घ्यायचे आणि एप्रिलच्या शेवटी पुन्हा मोजायचं.

हिशोब असा घाला. समजा नव्या टायरची नक्षी ८ मिमी होती आणि ३०,००० किलोमीटरनंतर ४.६ उरली. म्हणजे ३.४ मिमी झिजली, दर हजार किलोमीटरला साधारण ०.११. पावसाच्या चार महिन्यांत तुमची गाडी ६,००० चालणार असेल तर आणखी ०.७ मिमी जाईल. पाऊस संपताना ३ मिमी शिल्लक हवी असेल तर १ जूनला ३.७ असायला हवी. ती नसेल तर मे महिन्यात बदला. तुमच्या गाडीचे आकडे घालून पाच मिनिटांत उत्तर निघतं.

आणि मे म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, ७ जूनला नव्हे. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर टायर रस्ता पुरता धरत नाही. ते किलोमीटर कोरड्यात झालेले बरे. शिवाय १७-१८ इंची टायर आपल्या तालुक्याच्या दुकानात नेहमी शिलकीत नसतात. मला कोल्हापूरहून मागवावे लागले होते, त्यात आठवडा गेला.

कायदा १.६ मिमी म्हणतो. तुम्ही ३ का म्हणता?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ चारचाकीला किमान १.६ मिमी सांगतो, हे खरं. त्याखाली टायर बेकायदा. पण १.६ ही शेवटची रेघ आहे, आणि ती सगळ्या देशासाठी एकच आहे, जैसलमेरलाही आणि आंबोलीलाही.

नक्षीचं मुख्य काम पाणी बाहेर टाकणं. रस्त्यावर ३ मिमी पाणी साचलंय आणि तुम्ही ताशी ८० ने जाताय असं धरा. टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा १८ सेंटीमीटर रुंद धरला तर प्रत्येक चाकाला सेकंदाला बारा लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणजे दर सेकंदाला एक कळशी. ती कळशी ओतायला जागा खाचांचीच. खाचा उथळ झाल्या की पाण्याचा थर टायरखाली शिरतो आणि गाडी रस्त्यावरून उठते. त्याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. विमानांच्या टायरसाठी नासाने १९६० च्या दशकात एक ठोकताळा काढला होता. त्यात ३३ पीएसआय हवेला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो. रुंद आणि झिजलेल्या टायरची गाडी त्याआधीच तरंगते. हवा कमी असेल तर आणखी लवकर.

माझ्यासोबत हे जुलैत ओरोसच्या अलीकडे झालं. दुभाजकाच्या कडेला पाणी तुंबलेलं, वेग ८० च्या आत, टायर २.३ वर. उजवीकडची चाकं पाण्यात गेली आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं हलकं झालं. एक-दोन सेकंद असेल. मग टायरने रस्ता धरला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. मागे वहिनी आणि पोरं होती, पोरांना मजा वाटली. चूक माझीच. मे महिन्यात टायरवाला "आता बदलूया" म्हणाला होता आणि मीच "काय होवचा नाय" म्हणून पाच महिने पुढे ढकलले होते.

आता पैशाचं बोलू. ८ मिमीचा टायर १.६ पर्यंत वापरला तर ६.४ मिमी वापरायला मिळते. ३ वर थांबलात तर १.४ सोडता, म्हणजे २२ टक्के. अशा गाडीचा चार टायरचा सेट अर्ध्या लाखाच्या घरात जातो, म्हणजे कागदावर अकरा हजार रुपये सोडले. ऑक्टोबरची युक्ती वापरली तर त्यातले बरेचसे परत मिळतात. मला हा सौदा परवडतो. तुम्ही गावातल्या गावात ताशी ४० ने फिरत असाल तर २.५ वर थांबलात तरी मी भांडणार नाही.

नक्षी मोजायची कशी?

खोली मोजायचं साधं गेज मिळतं, स्वस्त असतं, गाडीत पडून राहू दे. गॅरेजवाल्याकडेही असतं. प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. त्यातला सर्वात छोटा आकडा धरायचा, सरासरी काढायची नाही. आतली कड बघायला स्टेअरिंग पूर्ण वळवा नाहीतर गाडी जॅकवर घ्या. बऱ्याचदा टायर तिथेच आधी संपलेला असतो आणि बाहेरून चकचकीत दिसतो.

गेज नसेल तर टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं शोधा. त्याच्या सरळ रेषेत मुख्य खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो, १.६ मिमीचा. नक्षी झिजून त्याला टेकली की विषय संपला.

गाडी तीन वर्षांत फक्त १२,००० चालली. टायर नवेच म्हणायचे ना?

हा प्रश्न मुंबईकरांचा. आमच्या दादाची गाडी वर्षातले आठ महिने सोसायटीत उभी असते. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यासाठीच निघते. नक्षी अजून साडेसहा मिमी आहे, त्यामुळे त्याला वाटतं टायर नवे.

तीन वर्षांचे असतील तर ठीकच आहेत. पण रबर वापराशिवायही म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन ते कडक करतात. टायरमध्ये त्यावर उपाय म्हणून मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरत राहिलं, रबर दबत राहिलं की ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ते नीट होत नाही. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरला बाजूने बारीक भेगा लवकर दिसतात. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर कमी धरतं, मग नक्षी कितीही असो.

वय बघायला टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांपुढचा आकडा शोधा. शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २२२४ म्हणजे २०२४ मधला बाविसावा आठवडा. एका बाजूला नसेल तर आतल्या बाजूला असतो. गाडी कधी घेतली हे धरू नका, टायर कधी बनला ते धरा. काही गाड्यांच्या कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. अनेक टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात आणि पाचव्या वर्षापासून दरवर्षी तपासून घ्या म्हणतात. उघड्या अंगणात, खाऱ्या हवेत आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी सहा-सात वर्षांपुढे नेणार नाही.

गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर हवा पूर्ण ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी कुणाला तरी पुढेमागे करायला सांगा. एकाच जागी दबून टायर चपटा बसतो आणि महामार्गावर पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते.

टायरच्या बाजूला फुगा आलाय. चालेल का?

नाही. खड्ड्याच्या धारेवर आपटून आतले धागे तुटलेत आणि फक्त रबर हवा धरून आहे. आजच स्टेपनी लावा. घाट उतरायचा असेल तर निघूच नका.

पंक्चर किती झाले की टायर बाद?

संख्येला फार अर्थ नाही, जागा महत्त्वाची. मधल्या पट्ट्यात, खिळ्याएवढं म्हणजे ६ मिमीपर्यंतचं भोक, आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचा रबरी तुकडा) लावून बुजवलं तर टायर त्याचं आयुष्य पूर्ण करतो. खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीत भोक असेल तर पंक्चरवाला कितीही हुशार असला तरी त्याला हात लावायला सांगू नका. बाहेरून खुपसायची दोरी घरापर्यंत पोहोचायला ठीक. घरी आलं की टायर उतरवून आतून बघा. हवा गेलेल्या टायरवर दोन-तीन किलोमीटर चालवलं असेल तर आतली भिंत चुरडलेली असते. आत काळा भुगा सापडला तर टायर गेला.

एकाच कडेने झिजलेत. नवे टाकले की बरं होईल ना?

नवे पण तसेच झिजतील. आधी कारण काढा. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य चांगला असेल तर हवा कमी ठेवली होती. फक्त मध्य झिजला तर जास्त. एकच कड गेली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन बिघडलाय. नक्षीवर खड्डे-उंचवटे आले असतील आणि हात फिरवल्यावर लाटा लागत असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासा. महामार्गाच्या कामातल्या डायव्हर्जनमध्ये दोन-चार जोरदार आपट्या बसल्या की अलाइनमेंट सरकलीच समजा.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा नसतो. बहुतेक स्टिकरवर रिकामी आणि भरलेली गाडी असे दोन आकडे असतात. सात माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि वर कॅरियर अशी निघताना दुसरा आकडा वापरा. हे जवळजवळ कुणीच करत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची.

दर ८-१० हजार किलोमीटरला पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल करा. घाटात रोज जाणाऱ्यांनी ८ हजारच धरावेत.

दोनच बदलले तर चालतील? नवे पुढे टाकायचे ना?

दोन चालतील, पण नवे मागे. यावर माझं आणि आमच्या टायरवाल्याचं दर वेळी भांडण होतं. तो म्हणतो स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, मग नवा टायरही पुढे. ऐकायला पटतं. पण पाण्यात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला ते कळतं आणि पाय उचलला की बहुतेक वेळा ती ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि उंच, जड गाडीला सावरायला वेळच मिळत नाही. टायर कंपन्याही नवे मागेच टाकायला सांगतात.

एकाच आसावर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर टाकू नका. गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी) असेल तर चारही एकदम बदलणं चांगलं. झिजलेल्या टायरचा घेर लहान असतो. पुढची आणि मागची चाकं सतत वेगळ्या गतीने फिरत राहिली की मधली यंत्रणा तापते. किती फरक चालेल ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

तेच कंपनीचे टायर पुन्हा घ्यावेत की दुसरे?

कंपनी-फिटेड टायर गाडी कंपनीच्या मागणीप्रमाणे बनवलेले असतात. शोरूममधून निघालेल्या गाडीचा मायलेज चांगला दिसावा, आवाज कमी यावा, बसताना मऊ वाटावं, यावर भर असतो. त्यात वाईट काही नाही, पण मुसळधार पावसातली पकड ही त्या यादीतली पहिली गोष्ट असेलच असं नाही. दुसऱ्या सेटच्या वेळी यादी तुमची असते. मी ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग पहिलं ठेवलं, मायलेज तिसरं. गाडी लिटरमागे थोडं कमी देते, ते मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र कमी करू नका, भार निर्देशांक. मापानंतरचा आकडा तोच. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. त्यापुढचं अक्षर वेगाचं, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. पुस्तिकेत लिहिलेल्यापेक्षा खालचं घेऊन दोन हजार वाचवणारे लोक मी पाहिलेत. दुकानदार "चालतंय हो" म्हणतो. भरलेली मोठी गाडी त्यावर घाट उतरते तेव्हा टायर तापतो, हे त्याला बघायचं नसतं.

ऑल-टेरेन टायर घेऊ का? दिसतात भारी.

दिसतात, यात वाद नाही. सड्यावरच्या आंब्याच्या बागेत, जांभ्याच्या खडबडीत रस्त्याने रोज जाणं असेल तर घ्या. जांभ्याची धार बाजूच्या भिंतीला कापते आणि या टायरची भिंत जाड असते. पण तुमचं नव्वद टक्के जाणं डांबर आणि काँक्रीटवर असेल तर ओल्या डांबरावर त्यातले बरेच टायर हायवे टायरपेक्षा उशिरा थांबतात, काँक्रीटवर गुणगुणतात आणि डिझेल जास्त पितात. त्यांची नक्षी खोल असते, पण खोल म्हणजे आपोआप पाण्यात चांगली असं नाही.

शेवाळलेल्या पाखाडीवर आणि घरापुढच्या हिरव्या झालेल्या चढावर कुठलाच टायर चालत नाही. तिथे चुना आणि खराटा.

एक माप मोठं टाकलं तर?

घेर तोच राहत असेल तर निदान हिशोब बिघडत नाही. २३५/६५ आर१७ चा बाहेरचा व्यास ७३७ मिमी आणि २३५/६० आर१८ चा ७३९ मिमी, फरक नगण्य. पण २५५/६० आर१८ टाकलात तर ७६३ मिमी, म्हणजे साडेतीन टक्के मोठा. स्पीडोमीटर, एबीएस आणि किलोमीटरचा हिशोब तेवढा चुकतो, चाकाच्या कमानीला घासायची शक्यता वाढते आणि रुंदीमुळे पाण्यावर तरंगणं वाढतं. गाडीच्या कोणत्याच प्रकाराला कंपनीने न दिलेलं माप टाकलं तर विम्याच्या वेळी वाद होऊ शकतो. मी टाकणार नाही.

खाऱ्या हवेचा टायरवर परिणाम होतो का?

टायरवर थोडा, रिमवर जास्त. वेंगुर्ला, मालवण, देवगड, हर्णै अशा किनाऱ्याच्या गावांत अलॉयच्या कडेला जिथे टायर बसतो तिथे पांढरी बुरशीसारखी झीज धरते. स्टीलच्या रिमला गंज. तिथून हवा हळूहळू निघते. पंधरा दिवसांत चार-पाच पीएसआय जातात, पंक्चर सापडत नाही आणि लोक टायर बदलून बसतात. टायर उतरवून रिमची कड घासून साफ करा, व्हॉल्व्ह बदला, बहुतेक वेळा भागतं. जंगल जेट्टीवरून, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवरून, दाभोळ किंवा जयगडची खाडी ओलांडून आलात तर खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

गाडी समुद्रकिनाऱ्यावर न्यायची आहे. हवा किती कमी करू?

नेऊ नका. बहुतेक किनाऱ्यांवर मनाई आहे. वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी त्याच वाळूत असतात. आणि दर सुट्टीत कुणाची तरी चकचकीत गाडी भरतीत अडकून ट्रॅक्टरची वाट बघत असते.

स्टेपनी पण बदलायची?

आधी ती निघते का ते बघा. बहुतेक मोठ्या गाड्यांची स्टेपनी मागे खालच्या बाजूला साखळीवर किंवा तारेवर लटकते. चिखल, खारी हवा आणि पाच वर्षं कुणी हात न लावणं यामुळे ती यंत्रणा जाम होते. हे नेमकं रात्री नऊ वाजता आंबा घाटात कळतं. दर सहा महिन्यांनी एकदा खाली उतरवा, वंगण लावा, हवा भरा.

तिचं वयही मोजा. न वापरलेली आठ वर्षांची स्टेपनी नवी नसते. सारख्याच मापाची असेल तर अदलाबदलीत घेतली की पाच टायर सारखे झिजतात. लहान मापाची असेल तर ती फक्त टायरवाल्यापर्यंत जायला, तिच्यावर छापलेल्या वेगातच. २०२० मधल्या नियमबदलानंतर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असलेल्या गाड्या स्टेपनीशिवायही येऊ शकतात. तुमच्या गाडीत नक्की काय आहे ते डिकीखाली वाकून बघा.

नायट्रोजन भरावा का?

फुकट मिळाला तर भरा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्याला हवा तपासण्याचा फायदा त्याहून मोठा.

जुने घासून रिमोल्ड केलेले घ्यावेत का?

ट्रकच्या मागच्या चाकांना ठीक. माणसं बसणाऱ्या गाडीला नको.

विकत घेताना काय बघायचं?

चारही टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा बसवण्याआधी वाचा. सहा महिन्यांपर्यंतचे ठीक, दीड-दोन वर्षांपूर्वीचे असतील तर भाव पाडून मागा नाहीतर परत पाठवा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या, कारण टायरची वॉरंटी टायर कंपनीकडे असते, गाडीच्या कंपनीकडे नाही. कंपनी-फिटेड टायरचंही तेच, त्यामुळे गाडीची कागदपत्रं शोधताना टायरचं कार्ड फेकू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या भावाने कुणी सांगत असेल तर विचारा. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून भाव ठरवा, नाहीतर स्वस्त टायर शेवटी महाग पडतो.

जुन्या टायरचं काय करायचं?

दुकानदार सेटमागे बिलातले थोडे पैसे कमी करून जुने टायर ठेवून घेतो. निदान तो कुठे देतो ते विचारा, कारण त्यातले काही दुसऱ्याच्या गाडीवर "सेकंड" म्हणून चढतात. तुमच्याकडून फुगा आल्यामुळे उतरलेला टायर तसा जाऊ नये असं वाटत असेल तर बाजूला करवतीने चीर देऊनच द्या. घरी आणून माडाच्या बुंध्याशी टाकू नका. पावसात त्यात पाणी साठतं आणि डासांची पैदास होते. आमच्या शेजाऱ्यांनी एक जेट्टीवरच्या होडीवाल्याला दिला. त्याने तो होडीच्या कडेला दोरीने बांधलाय, धक्क्याला आपटू नये म्हणून, आणि अजून तिथेच आहे.